जुन्या तालमी आणि कुस्तीची मैदानं : वास्तू म्हणून काय बघायचं, कसं बघायचं?

शहापूरकरीण

नमस्कार. मी बेळगावची, शहापूरची. इमारतींची मापं घेऊन नकाशे काढणं हे माझं पोटापाण्याचं काम. सुट्टी मिळाली की स्वतःसाठी जुन्या वास्तूंची रेखाटनं करते. किल्ल्यातली रट्टांच्या काळातली कमल बस्ती, कपिलेश्वर, शहापूर-वडगावातले वाडे, कॅम्पातले ब्रिटिश अमदानीतले बंगले, बरंच काही वहीत आहे. पण या गावाच्या पोरांना ज्या जागांनी घडवलं त्या तालमी आणि कुस्त्यांची मैदानं, त्यातलं एकही पान माझ्याकडे नाही, हे अलीकडे फार टोचायला लागलंय.

माझे आज्जा गल्लीतल्या तालमीत जायचे. ती तालीम अजून उभी आहे. बाहेरून बघितलं तर बुटकं कौलारू घर वाटतं. आत हौदा (कुस्तीची मातीची खोलगट जागा), मारुती, लाकडी खांब, भिंतीत कोनाडे, एका बाजूला मुद्गल आणि दगडी गदा. आता गल्लीत बोलणं सुरू झालंय की हे पाडून खाली आधुनिक व्यायामशाळा आणि वर हॉल बांधूया. निर्णय पंच घेतील, पण त्याआधी तालमीची नीट नोंद व्हावी असं मला मनापासून वाटतं. पेन्सिल घेऊन बसले आणि तिथंच अडले. देवळात काय बघायचं हे आम्हाला शिकवलंय. जोतं, मंडप, खांब, शिखर, कोरीव काम. तालमीत यातलं काहीच नाही. चार भिंती आणि माती. मग कागदावर उतरवायचं काय?

दुसरं म्हणजे कोल्हापूरचं खासबाग मैदान. ते मी लहानपणी बाबांच्या खांद्यावरून बघितलंय, तेव्हा फक्त गर्दी दिसली. आता वास्तू म्हणून बघायला जायचंय. जाणत्यांनी सांगावं, तिथं कुठं उभं राहावं, काय मोजावं. आपल्या भागात, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी इकडं, आणखी काय बघण्यासारखं आहे? आणि बाईमाणसानं टेप घेऊन तालमीत शिरलेलं चालतं का, हेही सांगा.

टिळकवाडीचा

चांगलं काम हातात घेतलंय. बेळगावात सुरुवात आनंदवाडीच्या आखाड्यापासून करा. आणि रिकामा आखाडा बघून परत येऊ नका, कुस्त्या असतील त्या दिवशी जा. वडील सांगायचे, 1977 साली हरिश्चंद्र बिराजदारांनी दिल्लीच्या सतपालला बेळगावात हरवलं, त्याच्यावर गावात पुढं कित्येक महिने बोलणं चाललं होतं. त्या पिढीतली माणसं भेटली तर त्यांना विचारा, कोण कुठं बसायचं, पैलवान कुठल्या बाजूनं आत यायचे, हलगीवाले कुठं उभे राहायचे. नकाशावर ते आलं पाहिजे.

तसंच येळ्ळूरच्या चांगळेश्वरी यात्रेतल्या कुस्त्या चुकवू नका. तिथली जागा आणि शहरातला आखाडा यांत काय फरक आहे ते तुम्हाला बघताक्षणी कळेल.

अकोळकर

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि लिहायला बसलो. मी निपाणीजवळचा. चाळीसेक वर्षं बांधकामावर ओव्हरसियर म्हणून काढली. पोरवयात तालमीत जोर-बैठका मारल्या, नंतर जुन्या इमारतींच्या डागडुजीचं काम बरंच केलं. त्यामुळं दोन्ही बाजूंनी सांगतो. जरा लांबण लागेल.

तुम्ही म्हणता चार भिंती आणि माती. माझं म्हणणं असं की तालमीत मुख्य बांधकाम मातीचंच आहे आणि भिंती तिच्यासाठी उभ्या केल्यात. हे एकदा डोक्यात बसलं की तिथली प्रत्येक गोष्ट बोलायला लागते.

दारापासून बघा. जुन्या तालमीचं दार बुटकं असतंय आणि उंबरा उंच. वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. लोक सांगतात मारुतीला नमस्कार व्हावा म्हणून, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच्याबरोबर दुसरंही घडतं. बुटक्या दारातनं वारं कमी शिरतं. घाम आलेल्या अंगाला गार वारं लागलं की स्नायू आखडतात, हे प्रत्येक वस्तादाला ठाऊक. म्हणून खिडक्या लहान आणि उंचावर, वळचणीच्या खाली. उजेड वरून तिरपा येतो, थेट डोळ्यात घुसत नाही. डावाच्या वेळी समोरच्याची कंबर आणि पाय दिसले पाहिजेत, बाकी अंधार असला तरी चालतो. तुम्ही खिडकीच्या तळाची उंची हौद्याच्या पातळीपासून मोजा, बाहेरच्या रस्त्यापासून नव्हे. मग कळेल की उभ्या पैलवानाच्या डोक्याच्या वरनं वारं जाईल अशीच ती बसवलीय.

हौदा भोवतालच्या जमिनीपेक्षा खाली असतोय. खाली म्हणजे बाहेरच्या हवेपासनं राखलेला. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. आणि आत जी माती आहे ती शेतातनं आणून टाकलेली नव्हे. तांबडी माती चाळून घ्यायची, खडा राहता कामा नये. मग तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर, काव घालून मळून मुरवायची. हळद आणि लिंबू अंगावरच्या ओरखड्यांसाठी, तेल आणि ताक माती मऊ राहून धूळ उडू नये म्हणून. रोज पहाटे फावड्यानं उकरायची, पाणी शिंपडायचं, पुन्हा सारखी करायची. जी जमीन रोज नव्यानं बांधतात ती वास्तू नव्हे असं कसं म्हणायचं? तुमच्या नोंदीत मातीची खोली, तिचे थर, हौद्याच्या कडेचं लाकूड किंवा दगड, आणि खालनं पाणी कुठं मुरतं हे आलंच पाहिजे. जमलं तर मातीत काय काय आणि किती घालतात हे वस्तादाकडनं विचारून लिहून घ्या. प्रत्येक तालमीचं प्रमाण निराळं आणि ते कुठंही लिहिलेलं नसतं.

आता भिंती. आपल्याकडं दोन दगड. बेळगावच्या पूर्वेला काळा दगड, आणि पश्चिमेला खानापूर-चंदगडच्या अंगाला जांभा. तुमची तालीम कशाची आहे ते गिलावा पडला असेल तिथं बघा. जुनी असेल तर सांधे चुन्याचे असणार. चुना भिजवून, मुरवून, बैल फिरवतो त्या दगडी घाण्यात वाळूबरोबर मळायचा, त्यात गुळाचं पाणी घालायचं. हा चुना ओलावा आत घेतो आणि उन्हाळ्यात बाहेर टाकतो. तालमीत ही गोष्ट फार महत्त्वाची, कारण आत माती कायम ओली आणि माणसं घामानं भिजलेली. भिंतीला श्वास घेता आला तरच ते सगळं टिकतं.

इथं मला तळमळीनं सांगावंसं वाटतं. जुन्या तालमी पावसानं कमी पडल्या, दुरुस्तीनं जास्त पडल्या. कुणीतरी देणगी देतो, मग भिंतीला आतनं-बाहेरनं सिमेंटचा गिलावा होतो, खालच्या भागाला चकचकीत फरशी लावतात. दिसायला स्वच्छ. पण मातीतला ओलावा भिंतीत चढतो आणि त्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत लोणा फुटतो, म्हणजे भिंतीवर खाराची पांढरी भुकटी येते, फरशी पोटात पोकळ होते, आतला दगडाचा सांधा भुगा होऊन गळायला लागतो. मग लोक म्हणतात, बघा, जुनं बांधकाम कमकुवत होतं. तुमच्या गल्लीतल्या तालमीला पाडायचं कारण म्हणून भिंतींची ओल दाखवत असतील, तर आधी ती ओल कधीपासनं आहे ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर सिमेंटच्या गिलाव्याच्या वर्षाला येऊन थांबतं.

छपराचं सांगतो. सागवानी तुळई पंधरा-सोळा फुटांच्या पुढं मिळायची कठीण आणि महाग. म्हणून तालमी अरुंद. एक गाळा, म्हणजे भिंत आणि खांबांमधला पट्टा, हौद्याला, शेजारचा गाळा जोर-बैठका आणि मल्लखांबाला, मधे खांबांची ओळ. तालमीचा आकार पैलवानाच्या अंगानं आणि झाडाच्या लांबीनं ठरलेला आहे. वासे, रिपा, कौलं बघा. नळीची कौलं असतील तर जुनं छप्पर, मंगळुरी असतील तर नंतरचं. बासेल मिशननं मंगळुरात कौलांचा कारखाना 1865 साली काढला आणि पुढं ती कौलं घाटावर सगळीकडं पसरली. कौलाच्या पाठीवर कारखान्याचा शिक्का असतो, तो टिपून घ्या. काळ ठरवायला उपयोगी पडतो.

आता खासबाग. राजर्षी शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी 1902 साली विलायतेला गेले. वाटेत रोमचं कलोसियम बघितलं आणि तसं मैदान कोल्हापुरात असावं असं त्यांच्या मनानं घेतलं, असं कोल्हापुरात सगळे सांगतात. मैदान 1912 साली खुलं झालं. तुम्ही जाल तेव्हा कलोसियमच्या कमानी शोधू नका. कलोसियम जमिनीच्या वर चढत गेलेलं आहे. लंबगोल, एकशे अठ्ठ्याऐंशी मीटर लांब, चार मजली भिंत, कमानींवर कमानी, आणि त्या कमानींच्या पोटावर प्रेक्षक. खासबागेत यातलं काही नाही. महाराजांनी तिथला डौल उचलला नाही, तिथनं बघण्याची सोय उचलली. मैदान गोल, मधे हौदा, आणि भोवती मातीचाच उतार परातीच्या काठासारखा वर गेलेला. पंचवीस-तीस हजार माणूस बसेल असं मैदान आणि नजरेच्या आड येणारा एक खांब नाही.

तुम्ही विचारलंत कुठं उभं राहावं. उभं राहू नका. अगदी वरच्या कडेला जाऊन मांडी घालून बसा. तिथनं हौद्याच्या मधोमध बघा. मग उतरून मधल्या टप्प्यावर बसा, मग खाली. प्रत्येक वेळी पुढं बसलेल्या माणसाच्या डोक्यावरनं हौदा दिसतोय की नाही ते तपासा. त्या उताराचं गणित मांडी घातलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर बसवलेलं आहे. खुर्चीवर बसलेल्या माणसाचा डोळा आणि डोकं दीड फूट वर जातं. म्हणूनच पुढच्या रांगांत पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडल्या की मागच्या शेकडो लोकांची कुस्ती अर्धी कापली जाते. ज्या राजानं मैदान असं बांधलं की शेवटच्या शेतकऱ्यालाही पैलवानाची पकड दिसावी, त्याच्या मैदानात हे बघवत नाही. तुम्ही उताराचा छेद, म्हणजे उभा कापून बाजूनं बघितल्यासारखं चित्र, काढा, त्यावर बसलेली माणसं काढा आणि डोळ्यापासनं हौद्यापर्यंत रेघा ओढा. त्या एका चित्रात खासबाग येईल.

दुसरं म्हणजे आवाज. हलगी वाजायला लागली की ध्वनिक्षेपकाची गरज नाही, हे वरच्या कडेवर बसून ऐका. आणि पावसाचं पाणी कुठनं बाहेर जातं ते शोधा. खोलगट मैदानाचा खरा शत्रू पाणी. ज्यानं बांधलं त्यानं आधी त्याचाच विचार केला असणार.

शाहूपुरी, मोतीबाग, गंगावेश या तालमीही बघा. आपल्या चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे शाहूपुरीत घडले आणि 1959 साली हिंदकेसरी झाले. आमच्या भागातली पोरं कपड्यांचं बोचकं आणि घरचं तूप घेऊन कोल्हापूरला जायची. 1956 साली राज्यं निराळी झाली, पण त्या वाटेत काही फरक पडला नाही. म्हणून माझं मत, तुमचा नकाशा बेळगावच्या वेशीवर थांबवू नका. गल्लीतली तालीम, गावच्या यात्रेतला कुस्त्यांचा फड, जिल्ह्याचा आखाडा आणि खासबाग ही एकाच घराची दालनं आहेत. पैलवान पहिल्यातनं शेवटच्यापर्यंत चालत जातो.

चिकोडीची सून

मी कोल्हापूरची, लग्न होऊन चिकोडीत आले. बायकांचं विचारलंत म्हणून लिहिते.

आता बऱ्याच ठिकाणी मुली कुस्ती शिकतात, त्यामुळं आमच्या आत्यांच्या काळासारखी परिस्थिती राहिलेली नाही. तरी प्रत्येक तालमीची रीत वेगळी. काही ठिकाणी आनंदानं दाखवतील, काही ठिकाणी बाहेरच्या ओट्यापर्यंतच येऊ देतील. माझा अनुभव असा की पहाटे आणि संध्याकाळी, म्हणजे मेहनतीच्या वेळी जाऊ नये. पोरं लंगोटावर असतात, त्यांना आणि आपल्याला दोघांनाही अवघड होतं. दुपारी जावं, आधी वस्तादांना निरोप द्यावा, सोबत गल्लीतलं एखादं वडीलधारं माणूस असावं. चपला बाहेर काढायच्या, हौद्यात पाय ठेवायचा नाही. टेपचं एक टोक तालमीतल्या पोराच्या हातात द्या, तो हौद्यातली मापं घेऊन देईल आणि त्याला आवडेलही. माझ्या भाच्यानं असंच एका वास्तुशास्त्राच्या विद्यार्थिनीला मदत केली होती. नंतर तो स्वतःच वस्तादांना खांबांची वयं विचारत सुटला.

खासबागेत एक गोष्ट अकोळकर काकांनी लिहिली नाही, ती मला सांगायलाच हवी. मैदान आणि केशवराव भोसले नाट्यगृह पाठीला पाठ लावून आहेत. नाट्यगृह 1915 सालचं, शाहू महाराजांनीच पॅलेस थिएटर म्हणून बांधलेलं. एका बाजूला कुस्ती आणि एका बाजूला संगीत नाटक, मधे एक भिंत. खेळ आणि कला शेजारी शेजारी नांदाव्यात असं ज्याला वाटलं त्यानंच अशी जागा निवडली. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आम्ही चिकोडीत टीव्हीसमोर बसून रडलो, सासूबाईसुद्धा. त्यांनी त्या रंगमंचावर नाटकं बघितली होती. छप्पर गेलं, जुन्या दगडी भिंती उभ्या राहिल्या. तेव्हापासून मला वाटतं, जे उभं आहे त्याची मापं आजच घ्यायला हवीत. जळाल्यावर पुन्हा बांधायची वेळ आली की पहिला प्रश्न हाच येतो, आधीचं नेमकं कसं होतं?

आणि कोल्हापूरला गेलातच तर शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामनाही बघा. संघांची नावं ऐका, पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉल जवळ केला आणि पेठेच्या पेठा त्यासाठी भांडतात. तालीम म्हणजे नुसता हौदा नव्हे, पोरांनी एकत्र बसायची जागा, हे तिथं कळतं. तुमच्या रेखाटनात तालमीबाहेरचा कट्टासुद्धा काढा. निम्मं आयुष्य त्या कट्ट्यावर जातं.

कंग्राळी_बुद्रुक

सगळ्यांचा मान ठेवून माझी बाजू मांडतो. मी स्वतः खेळतो आणि लहान पोरांना शिकवतो. राष्ट्रीय स्पर्धा मॅटवर असतात, ऑलिंपिक मॅटवर असतं. 12 मीटर बाय 12 मीटरची मॅट लागते, त्यातलं कुस्तीचं वर्तुळ 9 मीटरचं. अकोळकर काका, तुमच्या पंधरा फुटी तुळईच्या तालमीत ती कुठं बसवू? पोरांना मातीवरची सवय लागते. माती पाय धरून ठेवते, मॅटवर पाय पळवावे लागतात. स्पर्धेत जाऊन हरतात तेव्हा त्यांचे चेहरे मला बघावे लागतात. शिवाय न्हाणीघर नाही, संडास नाही, मुलींना कपडे बदलायला खोली नाही. पंच पाडायचं म्हणायलेत ते कुणी मुद्दाम वाईट करायलेत असं समजू नका. त्यांना पोरांसाठीच पाहिजे आहे.

खाशाबा जाधव कोल्हापूरच्या मातीत तयार झाले आणि 1952 साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं, हे मला माहीत आहे. पण ते मॅटवर खेळून मिळवलं. मातीचा अभिमान मलाही आहे. फक्त पोरांची सोय आधी बघायला पाहिजे.

अकोळकर

कंग्राळीकर, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि ते या चर्चेत आल्याशिवाय ही चर्चा पुरी झाली नसती. मॅट पाहिजेच. मुलींसाठी खोली पाहिजे, संडास पाहिजेच पाहिजे.

पण हिशेब करून बघा. 12 मीटरची मॅट आणि भोवती चालायला जागा धरली तर किमान पन्नास फूट रुंद हॉल लागतो, तोही मधे खांब नसलेला. गल्लीतल्या तालमीची जागा किती? बहुतेक ठिकाणी तीस-पस्तीस फुटांच्या वर नाही. म्हणजे तालीम पाडूनसुद्धा तिथं पुरी मॅट बसत नाही. खाली दुकानांचे गाळे निघतात, वर समारंभाचा हॉल निघतो आणि पोरं दोन्हीकडनं जातात, मातीकडनंही आणि मॅटकडनंही. मी माझ्या डोळ्यांनी एका गावात हे होताना बघितलंय. आज तिथं लग्नं होतात.

मॅटला पत्र्याची शेड पुरते. लोखंडी कैच्या, म्हणजे छपराचे त्रिकोणी सांगाडे, टाकून पन्नास फुटांचा गाळा सहज काढता येतो आणि खर्च दोन मजली इमारतीपेक्षा पुष्कळ कमी. ती गावाबाहेर, शाळेच्या मैदानाच्या कडेला, जिथं जागा आहे तिथं बांधा. मेहनत आणि अंग कमावणं तालमीत, स्पर्धेची तयारी शेडमध्ये. संडास-न्हाणी तालमीच्या मागच्या परसात, मूळ भिंतीला न चिकटवता, दोन फूट सोडून. भिंतीला चिकटवलं की नळाची ओल भिंतीत उतरते.

टिळकवाडीचा

दोघांचंही पटतंय. एकच भर घालतो. येळ्ळूरचं मी म्हणालो होतो ते याचसाठी. यात्रेतल्या फडाला पक्कं बांधकाम फारसं लागत नाही. मोकळ्या जागेत माती ओढून हौदा करायचा, भोवती गर्दी आवरायची सोय करायची, पंचांची बसायची जागा करायची, आणि खेळ संपला की रान पुन्हा मोकळं. तरीपण जुने लोक दरवर्षी त्याच दिशेनं हौदा धरतात, कारण दुपारच्या कुस्त्यांना सूर्य पैलवानाच्या डोळ्यात येता कामा नये. ताई, हेही वास्तूच्या वहीत बसेल असं मला वाटतं. कंग्राळीकर, तुमच्याकडं फड कसा धरतात ते सांगा.

कंग्राळी_बुद्रुक

आमच्याकडं माती आधी दोन-चार दिवस पाणी मारून ठेवतात, मग नांगरून भुसभुशीत करतात. दिशेचं बरोबर आहे. मोठी जोड, म्हणजे मुख्य कुस्ती, संध्याकाळी लागते, तेव्हा सूर्य खाली आलेला असतो, म्हणून पंच आणि पाहुणे पश्चिमेला पाठ करून बसतात. बाकीच्यांनी डोळ्यावर हात धरून बघायचं. ते बरोबर नाही असं मी आमच्या कमिटीत बोललोय.

शेडचं काकांनी म्हटलं त्यावर विचार करायला पाहिजे. आमच्या शाळेमागं जागा आहे. काका, कैच्यांचा साधा आराखडा देऊ शकाल का?

शहापूरकरीण

काय बोलू, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार.

काल दुपारी वस्तादांना निरोप देऊन तालमीत गेले. चिकोडीच्या वहिनींनी सांगितल्याप्रमाणे टेपचं टोक तालमीतल्या एका पोराकडं दिलं. हौद्याच्या पातळीपासून खिडकीचा तळ सात फूट निघाला, बाहेरच्या रस्त्यापासून मोजला तर जेमतेम साडेचार. काका, तुम्ही म्हणालात तेच. उत्तरेच्या भिंतीला गुडघ्याइतकी फरशी आहे आणि वर लोणा फुटलाय. दक्षिणेची भिंत अजून चुन्याची आहे, तिला हात लावला तर कोरडी. हा फरक मी दोन रंगांत काढलाय, पंचांना दाखवायला. मातीत काय घालतात ते वस्तादांनी सांगितलं, पण प्रमाण लिहून घेऊ दिलं नाही. "रोज ये, बघत जा," म्हणाले. जाणार आहे.

कंग्राळीकर, पंचांच्या बैठकीला तुम्ही याल का? मी भिंतींचं सांगू शकते, पोरांना काय लागतं ते तुमच्या तोंडून जास्त वजनानं जाईल. मोकळ्या जागेचा शोध गल्लीतले दोघे घेत आहेत.

काका, आता एक अडचण. खासबागेच्या उताराचा छेद काढायचा तर माझ्याकडं तीस मीटरचा टेप आहे, आणि उतारावर टेप झोळ खातो. लेव्हल मशीन भाड्यानं घ्यावं का, की दुसरी काही सोपी रीत आहे?

अकोळकर

मशीन नको. पारदर्शक नळी घ्या, गवंडी वापरतात ती, पन्नास फूट पुरे. नळीत पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका. एक टोक हौद्याच्या कडेला खुंटीवर, दुसरं वर उतारावर. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला येतं, तिथनं खाली जमिनीपर्यंत मोजायचं. दर दहा फुटांवर एक माप घ्या, आणि सरळ रेघेत राहायला सुतळी ताणून ठेवा. एकाच बाजूचा छेद घेऊन थांबू नका, निदान चार दिशांना घ्या. वर्षानुवर्षांच्या पावसानं आणि पायांनी उतार कुठं खचलाय ते तेव्हाच कळेल. आत जायची रीतसर परवानगी आधी महापालिकेकडनं घ्या, आणि कुस्त्या असतील त्याच्या आदल्या-नंतरच्या दिवशी जाऊ नका, माती ओली असते.

नळी माझ्याकडं आहे. निपाणी स्टँडवर उतरा, घेऊन येतो, आणि चालत असेल तर बरोबरही येतो. कंग्राळीकर, कैच्यांचा आराखडा कागदावर काढतोय, जागेची लांबी-रुंदी आणि कुठल्या बाजूला वारं लागतं ते कळवा.